टाकीतलं उरलेलं

मुंग्या झाडावर चढताना दिसल्या की कलमवालीचं डोकं फिरायचं. मुंग्या झाड खात नाहीत हे तिला ठाऊक होतं, पण त्या उगाच चढत नाहीत हेही ठाऊक होतं. त्या संध्याकाळी कामावरून आल्याआल्या ती घरात न शिरता परसात गेली, तर सातव्या मोसंबीच्या खोडावरून मुंग्यांची रांग वर चालली होती. तिनं पान उलटं करून पाहिलं. मधल्या शिरेला चिकटून तपकिरी खवले बसले होते, तिळाएवढे. एक नखानं खरवडला तर नखाला ओल लागली. म्हणजे जिवंत होते. पानं हाताला चिकट लागत होती आणि खालच्या पानांवर चुलीमागच्या भिंतीसारखी काजळी धरली होती.

पहिल्यापासून बाराव्यापर्यंत सगळी झाडं तिनं वाकून पाहिली. एकही सुटलं नव्हतं. ती कमरेवर हात ठेवून उभी राहिली आणि कुणाला उद्देशून नाही अशी एक शिवी हासडली.

ही बारा झाडं हौसेची नव्हती, अटीची होती. तीन वर्षांपूर्वी बागेच्या मालकाला फळांचे ट्रक थेट गोदामापर्यंत न्यायचे होते आणि मध्ये यांच्या जमिनीचा कोपरा आडवा येत होता. मालकानं कोपरा मागितला आणि बदल्यात यांच्या घरामागची पट्टी द्यायचं कबूल केलं. घर यांच्या जागेत होतं, पण स्वयंपाकघर, न्हाणी आणि नळ त्या पट्टीवर होते, त्यामुळे नाही म्हणायची सोयच नव्हती. कोपऱ्यावर आठवड्याच्या आत मुरूम पडून रस्ता झाला. पट्टीच्या कागदाला मात्र अट लागली. पट्टीवर बारा मोसंबी लावायच्या, तीन वर्षं जगवून दाखवायच्या, मग कागद. ज्याला झाड जगवता येत नाही त्याला जमीन देऊन काय उपयोग, असं मालक म्हणाला आणि हसला. चारचौघं हसली. तिचा नवराही हसला. ते हसू तिला तीन वर्षं झाली तरी पचलं नव्हतं.

झाडं तिनं लावली. मालकाच्या रोपवाटिकेत ती डोळे भरायची. दिवसभर पाटावर बसून, खुंटाची, म्हणजे जंगली रोपाची, साल चिरून, त्यात मोसंबीचा डोळा बसवून पट्टी गुंडाळायची. तिनं भरलेले डोळे शंभरात दोन-तीनच फुकट जायचे. म्हणून लोक तिला कलमवाली म्हणायचे. परसातल्या बाराही झाडांचे डोळे तिच्याच चाकूचे होते. रोज कामावरून आल्यावर झाडामागे दोन बादल्या, म्हणजे चोवीस बादल्या. नळ घराला लागून, बारावं झाड साठ पावलांवर, थेट त्या नव्या रस्त्याच्या कडेला. ट्रक गेला की धुळीचा लोट झाडांवर बसायचा, आणि धूळ बसली की खवले खाणारे किडे फिरकत नाहीत, हे काही तिला कुणी सांगायला नको होतं. ज्या रस्त्यापायी झाडं लावली तोच रस्ता झाडांना खात होता, आणि तीन वर्षं पुरी व्हायला पाच आठवडे राहिले होते.

नवरा मालकाच्याच बागेत फवारणीला होता. पंपवाला. बारा वर्षं पाठीवर पंप वागवून त्याच्या दोन्ही खांद्यांवर पट्ट्यांचे काळे वळ उठले होते आणि डावा खांदा थोडा खाली आला होता. माणूस वाईट नव्हता. फक्त समोरचा जे म्हणेल त्याला मान डोलवायचा.

तिनं त्याला सांगितलं की खवले गुदमरवायला फवारणीचं तेल मारावं लागेल, आणि लहान झाडं आहेत, कोवळं पान आहे, तेव्हा जपून. आदल्या दिवशी झाडांना पोटभर पाणी. दुसऱ्या दिवशी उजाडताच फवारणी, म्हणजे ऊन तापायच्या आत पान वाळेल. तेल ताजं कालवायचं, पाण्यात दुधासारखं होईपर्यंत ढवळायचं आणि मारताना टाकी सारखी हलवत राहायचं. पानाच्या खालच्या बाजूनं मारायचं, कारण खवले तिथं बसलेत. आधी एका फांदीवर मारून दोन दिवस बघायचं.

"हे तू मला सांगतेस?" नवरा म्हणाला.

त्याचंही बरोबर होतं. रोज पहाटे तो मालकाच्या बागेत नेमकं हेच करायचा. पाच वाजता पंप पाठीवर, नऊला काम बंद, मग दिवसभर टाक्या धुणं आणि पडेल ते काम. मालकाची झाडं थंडाव्यात तेल प्यायची. फवारणीची वेळ एकच असते आणि ती विकलेली होती.

तिनं म्हटलं, चार दिवसांनी सुट्टी आहे, तेव्हा पहाटे मारा. मी दुकानातून तेलाची लहान बाटली आणते. नवऱ्यानं मान डोलवली. मग म्हणाला, बाटली कशाला, बागेतलं टाकीत रोज उरतंच की.

हा शब्द ऐकला की तिच्या तळपायाची आग मस्तकात जायची. उरलेलं. या घरात उरलेल्याशिवाय काही आलं नव्हतं. मालकाच्या बंगल्याचा उरलेला रंग आणला म्हणून यांची पुढची भिंत अर्धी निळी, अर्धी पिवळी होती. उरलेल्या फरशा आणल्या त्या न्हाणीच्या दारापर्यंतच पुरल्या. मालकाचे जुने बूट नवऱ्याला दोन अंगुळं मोठे व्हायचे, तरी पुढे चिंध्या कोंबून तो ते घालायचा. एकदा तर मालकाच्या घरचं उरलेलं खोकल्याचं औषध त्यानं आणलं होतं, आणि त्याला खोकला नसताना फुकट जायला नको म्हणून पिऊन टाकलं होतं. हे ती चेष्टेनं सांगायची आणि बायका हसायच्या, पण सांगताना तिचे दात एकमेकांवर दाबलेले असायचे.

"उरलेलं आणायचं नाही," ती म्हणाली. त्यानं पुन्हा मान डोलवली.

तिसऱ्या दिवशी दुपारी त्यानं उरलेलं आणलं.

ती रोपवाटिकेत होती. संध्याकाळी आली तेव्हा घराच्या कोपऱ्यावरच तिला वास आला. पंप पडवीत उपडा घातलेला. नवरा पाय पसरून बसला होता आणि त्याच्या तोंडावर एक काम उरकल्याचं समाधान होतं. बागेच्या मुकादमानं आपणहून दिलं, तो म्हणाला. पाऊण टाकी उरली होती, मुकादम म्हणाला ओतून कशाला देतोस, घरच्या झाडांना मार. सुट्टीपर्यंत थांबायला नको.

ती परसात गेली. पहिल्या झाडांची पानं कोरडी होती. मधली ठीक. पण नवव्यापासून पुढची पानं तेलानं माखून चकाकत होती, आणि शेवटच्या दोन झाडांच्या खोडावरून ओघळ उतरून बुंध्याशी तेलाचं कडं झालं होतं. माती तेवढीच काळी दिसत होती. तिनं बोट लावून पाहिलं. बोट तुपात बुडवल्यासारखं झालं.

सासूबाई पडवीतल्या बाजेवरून उठत नसत. गुडघे गेले होते. पण त्यांच्या नजरेतून काही सुटायचं नाही. त्यांनी सांगितलं की तो बाराच्या सुमाराला आला, पंप इथं भिंतीशी ठेवला, जेवला, आडवा झाला, घोरला. उठला तेव्हा ऊन भिंतीच्या या दगडापर्यंत आलं होतं. मग पंप पाठीवर घेऊन गेला.

"म्हणजे दोन तास," कलमवाली म्हणाली.

"जास्तच," सासूबाई म्हणाल्या. "मी म्हटलं त्याला, ऊन बघ जरा. तर म्हणतो, आई, तुला काय कळतं."

तिनं बादल्या भरल्या आणि त्याच संध्याकाळी शेवटच्या चार झाडांची पानं पाण्यानं धुवायला घेतली. तेल पाण्यानं काय निघणार. हात मात्र कोपरापर्यंत बुळबुळीत झाले. नवरा नळाशी उभा राहून बघत होता. उद्या बघ सगळे खवले गळून पडतात की नाही, असं तो म्हणाला. तोंड उघडलं असतं तर तिनं त्याला बादली फेकून मारली असती.

फवारणीनंतर चौथ्या दिवशी पानांवर तेलाचे डाग उठले, उजेडात धरलं की आरपार दिसावेत असे. सहाव्या दिवशी कडा करपल्या. आठव्या दिवशी सकाळी ती बाहेर आली तर बाराव्या झाडाखाली हिरवीच पानं पडलेली होती, देठासकट. अकराव्याच्या निम्म्या फांद्या उघड्या. दहाव्याची शेंड्याची पालवी जळून काळी. आणि पहिल्या चार झाडांवर मुंग्या मजेत वर-खाली करत होत्या. तिथले खवले जसेच्या तसे होते.

तिनं ती ओळ इकडून तिकडे पुन्हा चालून पाहिली. पहिल्यांना काही लागलंच नाही. मधल्यांना पुरेसं लागलं. शेवटच्यांना जास्त. टाकी एकच, माणूस एक, दुपार एक. ओळीनंच तिला सगळं सांगितलं आणि रागानं तिच्या डोळ्यांत पाणी आलं.

ती तिथं वाकलेली असतानाच रस्त्यानं रोपवाटिकेच्या बायका कामावर निघाल्या होत्या. त्यांच्यामागून सायकलवर मुकादम. मुकादमानं सायकल थांबवली आणि कुंपणावरून झाडांकडे पाहिलं. बायकाही थांबल्या. हे काय झालं, असं त्यानं विचारलं, आणि विचारताना नवऱ्याकडे पाहिलं. तो नुकताच पंप घेऊन निघत होता.

नवरा गप्प राहिला असता तरी चाललं असतं.

"टोकाच्या झाडांना पाणी कमी पडलं," तो म्हणाला. "नळ लांब पडतो. हिला एवढं वाहवत नाही."

मुकादम च् च् करत म्हणाला की पाण्याविना झाडाला तेल सोसत नाही, एवढं तरी पाहायला हवं होतं. बायका पुढे निघाल्या. पण त्या दिवशी रोपवाटिकेत पाटावर बसताना शेजारणीनं हसत विचारलं, दोन बादल्या जड झाल्या का गं, आणि सगळ्या हसल्या. तिचा चाकू खुंटाच्या सालीतून आरपार अंगठ्यात गेला. नऊ वर्षांत पहिल्यांदा. अंगठ्याला चिंधी बांधून तिनं दिवसभर काम केलं.

येताना तिनं दुकानातून तेलाची लहान बाटली घेतली. घरी आल्यावर काचेच्या बरणीत पाणी भरलं, वर चमचाभर तेल ओतलं, झाकण लावून खूप हलवलं. पाणी दुधासारखं पांढरं झालं. बरणी नवऱ्यासमोर पडवीच्या कट्ट्यावर ठेवली आणि त्याला जेवायला वाढलं. तो आधी बरणीकडे, मग तिच्याकडे बघत होता. तिनं जेव म्हणून खूण केली. तो जेवला. नेहमीपेक्षा जास्त वेळ लावून जेवला, कारण ती समोरून हलली नाही. भांडी घासून ती परत येईपर्यंत बरणीत वर साईसारखा थर आला होता आणि खाली नितळ व्हायला लागलेलं पाणी.

"पंपाची नळी कुठून ओढते?" तिनं विचारलं.

"तळातून," तो म्हणाला.

"म्हणजे पहिल्या झाडांना तुम्ही पाणी मारलंत. आणि शेवटच्यांना वरची साय. भर उन्हात."

बाजेवर सासूबाईंनी कूस बदलली. नवऱ्यानं हात धुतले, पुसले, पुन्हा पुसले. मग हळू आवाजात म्हणाला, आता काय करू? बारा वर्षांच्या पंपवाल्याला टाकी हलवायची अक्कल नाही, असं मुकादमाला जाऊन सांगू? उद्यापासून कामावर घेईल का तो मला?

"म्हणून माझ्यावर ढकललंत."

"तुझं काम काही जाणार नव्हतं त्यानं," तो म्हणाला, आणि त्याला ते खरंच पटलेलं होतं.

तिला वाटलं की बरणी उचलून त्याच्या डोक्यात घालावी. रोज चोवीस बादल्या. पावसाळे सोडले तरी तीन वर्षांच्या किती झाल्या असतील, त्याचा हिशोब तिच्या कमरेला ठाऊक होता. आणि हा माणूस चार बायकांसमोर म्हणतो की हिला वाहवत नाही. तिनं बरणी मोरीत ओतली आणि त्या रात्रीपासून त्याच्याशी कामापुरतंच बोलायला लागली.

मग तीन आठवडे तिनं झाडांचं केलं. उघड्या पडलेल्या खोडांना ऊन चटका देऊ नये म्हणून चुना पातळ करून फासला. शेवटच्या चार झाडांवर काठ्या रोवून जुन्या गोणपाटांची सावली केली. वाळलेल्या फांद्या छाटायला हात शिवशिवत होते, पण झाड कुठवर मेलंय ते कळल्याशिवाय तिनं कात्री लावली नाही. खत अजिबात नाही. आजारी माणसाला कुणी पंगतीला बसवत नाही. पाणी मात्र बेतानं आणि रोज. अंगठ्याची जखम बादलीच्या कडीनं दर संध्याकाळी उघडायची. नवरा एकदा पुढे झाला आणि बादलीला हात घातला. तिनं बादली सोडली नाही. दोघं क्षणभर एकाच बादलीला धरून उभे राहिले, मग त्यानं सोडली.

पहिल्या चार झाडांचे खवले अजून जिवंत होते, आणि अटीत निरोगी झाडं असा शब्द होता. त्यांच्यावर पुन्हा तेल मारायला हवं होतं. ताजं, पहाटे. तिनं सुट्टीची वाट पाहिली नाही. वाट पाहून एकदा काय झालं ते तिनं पाहिलं होतं. आदल्या संध्याकाळी झाडांना पाणी दिलं आणि उजाडायच्या आधी उठून पडवीतला पंप आपल्याच पाठीवर चढवला. पट्टे तिच्या खांद्यांना सैल होते, तिनं गाठी मारल्या. मोजून तेल घातलं, दांडा मारत, दर दहा पावलांवर अंग घुसळून टाकी हलवत ती पान उलटं धरून मारत सुटली. नवरा दाराशी उभा राहून म्हणाला की पाच वाजून गेले. ती म्हणाली, जाऊ देत.

साडेपाचला मुकादम कुंपणाशी आला. तिकडे टाकी कालवून ठेवलीय आणि पंपाचा पत्ता नाही, हा काय प्रकार आहे, असं त्यानं विचारलं.

"दोन झाडं राहिलीत," ती म्हणाली.

"पंप मालकाचा आहे, बाई."

"झाडंही मालकाच्याच अटीची आहेत." तिनं दांडा मारायचं थांबवलं नाही. "उरलेलं तुम्ही दिलंत तेव्हा पंप कुणाचा होता, ते नाही विचारलंत."

मुकादमाच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. तो तिच्याशी काही बोलला नाही, नवऱ्याशी बोलला. त्या दिवशी नवऱ्याला बागेत गेल्यावर काम दिलं नाही. गोदामाच्या पायरीवर दुपारपर्यंत सगळ्यांच्या नजरेसमोर बसवून ठेवलं. घरी आल्यावर त्यानं ते सांगितलं. तिनं ऐकून घेतलं आणि म्हणाली, बसून तरी राहवलं ना तुम्हाला.

पहिली चार झाडं सुधारली. नववं-दहावं पालवलं. अकराव्याच्या खोडाला तिनं चाकूच्या टोकानं टिचभर खरवडलं तर सालीखाली हिरवं निघालं, आणि चार दिवसांत डोळे फुगले. बाराव्याला खरवडलं तर तपकिरी. आणखी खाली, तपकिरी. डोळा भरला होता त्या सांध्यापर्यंत सगळं वाळलं होतं. सांध्याच्या खालून मात्र खुंटाला एक जोमदार हिरवी फूट आली होती, काटेरी. जंगली. तिला फळ धरलं तर ते जनावरंही खाणार नाहीत असं आंबटकडू.

नवऱ्याला ती फूट पाहून हर्ष झाला. तो म्हणाला, हिरवं आहे ना? मग झालं. मालकाला काय कळतंय, मोजताना बारा भरली म्हणजे झालं. तू फक्त गप्प राहा.

ठरल्या दिवशी मालक गाडीतून आला. मुकादम मागे. मालक पांढऱ्या शर्टात होता आणि गोड बोलत होता. सासूबाईंची चौकशी केली, चुना छान लावलाय म्हणाला, बोटानं झाडं मोजत ओळीच्या टोकापर्यंत गेला आणि बाराव्याच्या हिरव्या फुटीकडे पाहून म्हणाला, "वा, हेही वाचलं की."

कलमवालीनं मुकादमाकडे पाहिलं. मुकादमाला सगळं कळलं होतं. त्याच्या ओठांवर जे होतं ते तो आत्ता बोलणार नव्हता. ते तो खिशात घालून नेणार होता आणि जन्मभर हवं तेव्हा बाहेर काढणार होता. शिवाय दुसरंही होतं. जंगली फुटीला तिचं कलम म्हणून कुणी मोजावं, हे तिला सोसणारं नव्हतं.

"ते मेलंय," ती म्हणाली. "ही खुंटाची फूट आहे. माझी झाडं अकरावर संपली."

नवऱ्यानं खाली पाहिलं. मालक आणखीच गोड हसला. प्रामाणिकपणा आवडला म्हणाला. पण अट ती अट. घरातून कुणी हुसकत नाही तुम्हाला. एक झाड नवीन लावा, पुन्हा तीन वर्षं धरू, घाई कुणाला आहे. आणि या वेळी टोकाला पाणी नीट घाला, असं तिच्याकडे बघून म्हणाला. म्हणजे मुकादमानं ते तिथवरही पोचवलं होतं.

गाडी गेली. ती सासूबाईंपाशी जाऊन बसली. मग म्हणाली, "पट्टी आपली झाली नाही म्हणजे अदलाबदल झाली नाही. खरं ना, आई?"

"खरं," सासूबाई म्हणाल्या.

"मग कोपरा कुणाचा?"

सासूबाईंनी तिच्याकडे पाहिलं आणि त्यांच्या बोळक्या तोंडावर तीन वर्षांत कुणी पाहिलं नसेल असं हसू आलं. "माझ्या सासऱ्यांचा होता," त्या म्हणाल्या. "कुदळ दाराआड आहे."

दुसऱ्या दिवशी पहाटे पाच वाजता, फळं भरलेले ट्रक गोदामातून निघायच्या वेळेला, कलमवाली रस्त्याच्या मधोमध खड्डा खणत होती. मुरूम दगडासारखा बसला होता. कुदळीच्या प्रत्येक घावाला हात खांद्यापर्यंत झिणझिणायचे. शेजारी मुळांना गोणपाट गुंडाळलेलं बारावं झाड आडवं ठेवलं होतं. पहिला ट्रक आला, थांबला, भोंगा वाजवला. ड्रायव्हर उतरून आला. झाड लावतेय, तिनं सांगितलं. जमीन आमची आहे. ड्रायव्हरनं तिच्याकडे, झाडाकडे पाहिलं आणि बिडी पेटवली. त्याला काय, त्याची फळं नव्हती. मागे दुसरा ट्रक लागला, तिसरा लागला. रोपवाटिकेच्या बायका आल्या आणि कडेला उभ्या राहिल्या. मुकादम आला, ओरडला, कुदळ धरायला पुढे झाला. तिनं कुदळ उचलूनच धरली, तेव्हा तो दोन पावलं मागे झाला आणि मालकाकडे पळाला.

नवरा पंप पाठीवर घेऊन कामाला निघालेला, तसाच रस्त्याच्या कडेला खिळला.

ऊन चढायला लागलं तसा मालक आला, चालत. ट्रकांमुळे गाडी येत नव्हती. आज त्याच्या तोंडावर हसू नव्हतं. ट्रकांच्या ताडपत्र्या तापत होत्या हे त्याला तिच्याइतकंच दिसत होतं. तो म्हणाला की कागद देतो, रस्ता सोड. ती म्हणाली, कागद इथं आणा. मुकादम पुन्हा धावला. गोदामातून कागद लिहून आला तोवर खड्डा गुडघाभर झाला होता आणि तिनं झाड त्यात उभं केलं होतं.

कागद तिनं मातीच्या हातांनी घेतला. ती सावकाश वाचायची, ओठ हलवत. पट्टी यांची, पूर्ण मालकीची, कायमची. ट्रकवाले वाट बघत होते. मग तिचं बोट एका ओळीवर थांबलं. तिनं ती ओळ मोठ्यानं वाचली: पाण्याच्या हेळसांडीमुळे एक झाड मेलेले असूनही मालक दया म्हणून पट्टी देत आहेत.

"ही ओळ काढा," ती म्हणाली.

मालक वैतागून म्हणाला की पट्टी मिळतेय ना, मग एका ओळीनं काय बिघडतं. खरंच आहे ते. तुझ्या नवऱ्यानंच सांगितलंय, सगळ्यांसमोर.

तिनं कागद घडी न घालता खाली दगडाखाली ठेवला, कुदळ टाकली आणि हातांनी खड्ड्यात माती लोटायला लागली. जंगली फुटीभोवती माती दाबायला लागली. तिनं नवऱ्याकडे पाहिलं नाही. मागचा ट्रक एकदा भोंगा वाजवून गप्प झाला.

नवऱ्यानं पाठीवरचा पंप उतरवला. बारा वर्षांत तो बागेच्या वाटेवर पंप उतरवताना कुणी पाहिला नव्हता. तो चालत खड्ड्याच्या काठाशी आला.

"पाणी तिनं घातलं होतं," तो जमिनीकडे बघत म्हणाला. "रोज. उरलेली टाकी होती. दोन तास पडवीत ठेवली मी. हलवली नाही. भर दुपारी मारली."

मुकादमानं मान फिरवली. मालकानं नवऱ्याकडे अशा नजरेनं पाहिलं की त्याचं उद्याचं काम त्यात दिसत होतं. कलमवालीचे हात मातीत होते. तिला रडू येत होतं आणि ते रागाचं होतं, अजूनही रागाचंच. तिनं बुंध्याशी माती दोन्ही तळव्यांनी दाबून बसवली.

"मोठ्यानं सांगा," ती म्हणाली. "मागच्या ट्रकपर्यंत गेलं नाही."